मनोनिग्रहापलीकडचे व्यसन

मादक द्रव्यांच्या आहारी गेलेला माणूस हा दुबळ्या मनाचा, अशी आपल्या समाजाची जुनी समजूत आहे. निग्रह केला की व्यसन सुटते, हा उपदेश तिच्यातूनच निघतो. विज्ञानाची साक्ष मात्र निराळी आहे. कोकेन किंवा ॲम्फेटामिनच्या एकाच मात्रेने उंदरांच्या मेंदूतील काही जनुके तत्काळ जागी होतात, असे १९९० मध्ये आढळले. ही जाग काही तासांत ओसरते. परंतु द्रव्य वारंवार दिले, तर ‘डेल्टा फॉस-बी’ हे प्रथिन मेंदूतील सुखसंवेदनेच्या केंद्रात साठत जाते. एरिक नेसलर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार ते द्रव्य थांबल्यावरही कित्येक आठवडे टिकते, इतर जनुकांचे कार्य बदलते आणि द्रव्याची ओढ वाढविते.

हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरील आहेत आणि त्यांमुळे माणसाची जबाबदारी संपत नाही, हे मान्य. तथापि, रुग्णाला पंधरवड्यात घरी धाडायचे आणि तो पुन्हा घसरला की त्यालाच दोष द्यायचा, हा अन्याय आहे. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात सेवनाला शिक्षा आहे; तशीच, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यातून सूटही आहे. या सुटीचा लाभ प्रत्यक्षात मिळावा आणि रुग्णालयातून परतल्यानंतरच्या महिन्यांतही उपचार चालू राहावेत, ही जबाबदारी शासनाने पत्करली पाहिजे.