आकड्याखालचा माणूस आणि फायलीतील प्रमाणपत्र

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची सरकारी पाहणी झाली होती व तीत धोका आढळला नव्हता. पुढे क्रेनला ३०० किलोचे लोहचुंबक टांगून त्या गाड्यांसाठी नदीचा तळ धुंडाळावा लागला. कागदोपत्री पाहणीची किंमत काय असते, हे महाड-पोलादपूरच्या जनतेला निराळे सांगावयास नको.

परंतु त्याच कागदावर विसंबून येथील कामगार क्रेनखाली उभा राहतो, याची चर्चा होत नाही. महाडच्या औद्योगिक वसाहतीत अवजड टाक्या चढवावयाच्या असोत की महामार्गावर तुळया, क्रेन तासाच्या भाड्याने येते, खलाशी कंत्राटदाराकडे रोजावर असतो आणि काम तिसऱ्याच्याच मालकीचे असते. जबाबदारी तिघांत वाटली जाते. घाई मात्र तिघांचीही एकच.

या घाईचा अंत कोठे होऊ शकतो? १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूण येथेही उड्डाणपुलाच्या कामावरील असेच यंत्र कोसळले. तेथे प्राणहानी झाली नाही, हे केवळ सुदैव.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमाने उचल-यंत्रे, साखळ्या व दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. परंतु कायदा कोणताही असो, तारेचा दोर वार्षिक तारखेची वाट पाहत नाही. कोकणच्या पावसात तो गंजतो, त्याच्या तारा तुटतात, आकड्याचे तोंड फाकते, क्रेनच्या पायांखालची भिजलेली माती खचते. हे पाळी सुरू होण्यापूर्वी रोज पाहावयाचे असते. दोन टनांचे ओझे दोन उभ्या स्लिंगांवर असेल तर प्रत्येकीवर एक टन भार येतो. त्याच स्लिंगा तिरप्या होऊन जमिनीशी ३० अंशांचा कोन करू लागल्या की प्रत्येकीवर पुरते दोन टन येतात. ओझे तेच, धोका दुप्पट! हा हिशेब फायलीतील प्रमाणपत्राला ठाऊक नसतो. खलाशाला मात्र तो ठाऊक असलाच पाहिजे.

‘तपासणीत वेळ जातो’, असे कंत्राटदार म्हणतो. रोजंदारीवरचा मजूरही कित्येकदा तसेच म्हणतो, कारण थांबलेल्या तासाची मजुरी त्याच्याच पदरातून जाते. म्हणून नुसत्या उपदेशाने भागणार नाही. तपासणीची तारीख आणि सुरक्षित भार क्रेनवरच मराठीत व हिंदीत लिहिला जावा. इशारा देणारा माणूस एकच असावा, पण ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला असावा. आणि त्या थांबण्याची मजुरी कापली जाऊ नये. महाड-पोलादपूरच्या कार्यकर्त्यांनी कामाच्या जागोजागी जाऊन या मागण्या लावून धरल्या पाहिजेत. ज्याच्या डोक्यावर ओझे लोंबते, त्याला तपासणीचा कागद वाचण्याचा आणि तो खोटा वाटल्यास काम थांबविण्याचा हक्क मिळेल, तेव्हाच त्या तपासणीला काही अर्थ येईल.