गाडीचे घराणे

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत पूर्वी वाद होत ते गाण्यावरून. ओसरीवर पानाचे तबक फिरे, आणि ग्वाल्हेरची तान सरळ की आग्र्याची बोलबनाव भारी, यावरून सख्खे मावसभाऊ आठ आठ दिवस एकमेकांशी बोलत नसत. आता ओसऱ्याही थोड्या उरल्या आणि तबकेही. पण वादाचा आवेश मात्र जिथल्या तिथे आहे. फक्त विषय बदलला. परवाच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि पुढचा दीड तास मंडळी भांडली ती स्कॉर्पिओ श्रेष्ठ की सफारी यावर. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकताना मला राहून राहून वाटत होते, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. ‘आमच्या घरात टाटाच’ हे वाक्य आणि ‘आमच्या घरात आग्राच’ हे वाक्य एकाच सुरात म्हटले जाते.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझ्याजवळ स्कूटर आहे. माझे वडील राजवाड्याच्या कलावंत कारखान्यात साथीला होते; मिसरूड फुटण्याआधी चाकरीस लागले आणि १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांची विशीही उलटली नव्हती. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, पण घराण्याचा अभिमान कशाला म्हणतात ते जेवणाच्या पाटावर शिकलो. आणि गेली वीस वर्षे माझ्या शिकवणीच्या दाराशी संध्याकाळी ज्या उंच, रुंद गाड्या उभ्या राहतात, त्यांच्या मालकांची बोलणी मी मुले सुटेपर्यंत ऐकत आलो आहे. एवढा अधिकार पुरे आहे.

प्रथम वंशावळ सांगितली पाहिजे, कारण घराणे म्हटले की ती आलीच. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे कित्येक वर्षे खेड्यातला मामलेदार, इंजिनिअर आणि पुढारी याच गाडीतून उतरत असे. टाटा हे मुळात मालमोटारींचे घर. त्यांनी १९९१ साली सिएरा काढली, १९९४ साली सुमो आणि १९९८ साली सफारी. सुमो हे नाव जपानी पहिलवानावरून आले असे पुष्कळांना वाटते. ते आले सुमंत मुळगावकरांच्या नावातून, ‘सु’ आणि ‘मो’ घेऊन. पुण्याचा तो कारखाना उभा करणाऱ्या त्या थोर माणसाचे नाव अशा तऱ्हेने देशभरच्या वऱ्हाडी मंडळींनी घेतले, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. मग २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून महिंद्रांची स्कॉर्पिओ आली, आणि दोन फडांची खरी जुगलबंदी तेव्हापासून सुरू झाली.

जुन्या सफारीचे रूप ज्यांना आठवते त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. मागच्या बाजूला पायरीसारखे उंचावलेले छत, मोठमोठ्या काचा, पाठीवर बांधलेली स्टेपनी. ती चाल विलंबित ख्यालाची होती. स्कॉर्पिओ ताठ, छाती काढून उभी, मागचे दिवे काचेच्या कडेने उभे चढवलेले. तिचे सगळे लक्ष समेवर. मला स्वतःला सफारी अधिक आवडे, हे लपवीत नाही. पण स्कॉर्पिओच्या आरेखनकारांचे एक कौतुक केले पाहिजे: २०२२ साली स्कॉर्पिओ-एन ही सर्वस्वी नवी गाडी आणताना त्यांनी ते उभे दिवे सोडले नाहीत, आणि जुनी गाडीही ‘क्लासिक’ या नावाने चालू ठेवली. जुनी चीज हवी त्याने जुनी घ्यावी, नवी हवी त्याने नवी. हा व्यवहार मला सचोटीचा वाटतो.

सफारीचे तसे झाले नाही. जुनी गाडी २०१९ साली बंद झाली, आणि २०२१ साली तेच नाव हॅरियरच्या सांगाड्यावर बांधलेल्या, सात माणसांच्या, पुढची चाके ओढणाऱ्या एका निराळ्याच गाडीला दिले गेले. गाडी वाईट आहे असे मुळीच नाही. तिचा सांगाडा लँड रोव्हरच्या सांगाड्यावरून घेतलेला आहे, आणि लांबच्या प्रवासात ती जुन्या सफारीपेक्षा सुखाची असेल. पण ज्यांनी चारही चाकांना जोर देणारी सफारी नदीपात्रातून काढली होती, त्यांना बोर्डावर एका बुवांचे नाव वाचून आत जावे आणि व्यासपीठावर दुसरेच कोणी बसलेले दिसावे, तसे झाले. गंमत अशी की त्यांतले पुष्कळ जण तरीही उठून गेले नाहीत. नावालाच दाद देऊन परत आले.

माझा मुद्दा इथेच सुरू होतो. निष्ठा कोणाशी? नावाशी, की गाण्याशी?

सांगाड्याचा प्रश्न थोडा विस्ताराने सांगतो, कारण वादात तो सगळ्यांत जास्त गैरसमजाने घेतला जातो. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्या शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर उभ्या आहेत. खाली चौकट वेगळी, वर पेटी वेगळी, मध्ये रबरी बैठका. हॅरियर, क्रेटा, एक्सयूव्ही ७०० यांच्यात चौकट आणि पेटी एकच आहे. ज्यांच्या घरी वाद्ये आहेत त्यांना हे एका वाक्यात कळेल: सतार भोपळा आणि दांडी जोडून करतात, सरोद एका ठोकळ्यातून कोरतात. दोन्हींना आपापला नाद आहे. शिडीची गाडी खडकाळ रस्त्यावर, ओझ्याखाली, वर्षानुवर्षे तग धरते. पण वळणावर झुलते आणि तिचे वजनही जास्त. एकसंध गाडी हलकी, सडकेवर शांत, आणि धडकेचा जोर पेटीभर वाटून घेणे तिच्यात सोपे. असे असता ‘चौकट नाही ती एसयूव्हीच नव्हे’ असे एका पक्षाने म्हणावे आणि ‘शिडीवरची गाडी म्हणजे ट्रक’ असे दुसऱ्याने, याला मी रसिकता म्हणत नाही. बडोदा ते अहमदाबाद द्रुतगती मार्गावरच ज्याचा जन्म जायचा आहे त्याने शिडीचा अभिमान कशासाठी धरावा? आणि ज्याची शेती छोटा उदेपूरच्या पलीकडे आहे, त्याने एकसंध गाडीची मिजास कशासाठी करावी?

आता आणखी गंमत ऐका. २०१२ साली रेनोची डस्टर आली आणि पुढच्याच वर्षी निसानची टेरानो. आतून गाडी एकच, तोंडवळा तेवढा बदललेला. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोघी २०२२ साली आल्या. दोन्ही टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन चाकणच्या एकाच छताखाली जन्मल्या. ह्युंदाई आणि किया एकाच गोत्राच्या. तरीही दोन शोरूममधल्या दोन गिऱ्हाइकांना विचारा. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीत नसलेला गुण आपल्या गाडीत दाखवून देईल. एकाच शिष्याला दोन वेगळी नावे देऊन पडद्याआड गायला बसवले तर आपले काही रसिक काय करतील, याची मला पक्की कल्पना आहे.

आणि ज्यांच्या हातून ही रूपे घडतात ते तरी कुठे एका घराण्याचे असतात! प्रताप बोस हे टाटांच्या आरेखन विभागाचे प्रमुख. नेक्सॉन आणि हॅरियर यांचे रूप त्यांच्या देखरेखीखाली ठरले. हॅरियरमध्ये वर बारीक रेघेसारखे दिवे आणि खरे हेडलाइट खाली बंपरमध्ये, ही मांडणी २०१९ साली डोळ्यांना खटकली, पण त्याच वर्षीच्या हेक्टर आणि व्हेन्यू याही गाड्यांत ती दिसली. हे बोस २०२१ साली महिंद्रांकडे गेले. त्याच वर्षी महिंद्रांच्या आरेखन विभागाच्या प्रमुख रामकृपा अनंतन यांनी महिंद्रा सोडले. एक्सयूव्ही ५०० आणि नवी थार या बाईंच्या नेतृत्वाखाली घडल्या. खडबडीत, मर्दानी म्हणून जिची जाहिरात होते त्या थारचे रूप एका बाईने सांभाळले, हे आमच्या शिकवणीच्या दाराशी सांगितले तेव्हा दोघा गृहस्थांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. म्हणजे उस्ताद फड बदलतात, आणि श्रोते मात्र फडासाठी डोकी फोडतात.

कोणी म्हणेल, निष्ठेत वाईट काय आहे? वाईट काहीच नाही. मी स्वतः घराण्यात वाढलो. पण घराण्याची निष्ठा दोन बाजूंनी बांधलेली असे. शिष्य पाणी भरी, तंबोरा उचली. त्याच्या बदल्यात गुरू त्याला पोटाशी धरी आणि ठेवणीतली चीज देई. गुरूने विद्या अर्धी ठेवून गाव सोडले तर त्याला नावे ठेवणारा समाज होता. मोटारीच्या घराण्यात बांधलेली असते ती एकच बाजू. आपल्या शेजारच्या हालोलचेच पाहा. १९९६ साली तिथे जनरल मोटर्सने ओपेल ॲस्ट्रा बांधायला घेतली, मग शेवरोलेच्या गाड्या आल्या, आणि बडोद्याच्या किती तरी घरांना तो शेजारच्याच लेकीचा संसार वाटू लागला. २०१७ साली हालोलचा कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षाअखेर कंपनीने या देशातली विक्रीही थांबवली. त्याच आवारातून २०१९ पासून एमजी हेक्टर बाहेर पडू लागली: नाव जुने इंग्रजी, मालकी चिनी, पुढे भागीदार म्हणून आले जिंदाल. इकडे साणंदला फोर्डने २०२१ साली भारतातले उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२३ च्या जानेवारीत तो कारखाना टाटांकडे गेला. कंपन्यांनी हिशेब पाहिला, त्यात त्यांचा धर्म चुकला असे मी म्हणत नाही. धंद्याचा तोच धर्म. पण मग गिऱ्हाइकाने तरी एकतर्फी व्रत कशाला धरायचे?

ही चर्चा नुसत्या हौसेची असती तर मी लेखणी उचलली नसती. या गाड्यांतून आपली मुले बसतात. २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत स्कॉर्पिओच्या हवापिशव्या नसलेल्या नमुन्याला शून्य तारे मिळाले होते. भक्तांनी तेव्हा काय उत्तर दिले? ‘आमची गाडी लोखंडी आहे, या गोऱ्यांच्या चाचण्या आमच्या रस्त्यांसाठी नाहीत.’ पुढे २०१८ साली टाटांच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, तेव्हा चाचणीची थोरवी दुसऱ्या पक्षाला एकाएकी पटली. २०२२ साली स्कॉर्पिओ-एनलाही पाच मिळाले, आणि पहिल्या पक्षाचे गोऱ्यांविषयीचे मत एका रात्रीत सुधारले. पण त्या शून्यापासून पाचापर्यंतच्या सहा वर्षांत कंपनीला हलवले कोणी? भक्तांनी नव्हे. चाचण्यांनी, कायद्याने, आणि आपला पक्ष सोडून दुसऱ्याच्या शोरूममध्ये जाणाऱ्या गिऱ्हाइकाने. चुकलेल्या सुरालाही ‘वाहवा’ म्हणणारा श्रोता गवयाचे किती नुकसान करतो, हे मी रोज माझ्या वर्गात पाहतो. आई-बापांच्या कौतुकाने बिघडलेली दोन मुले या घटकेस माझ्याकडे शिकत आहेत. गाडीच्या बाबतीत नुकसान गवयाचे होत नाही, मागच्या सीटवरच्या पोराचे होते.

भास्करबुवा बखले आपल्या बडोदे संस्थानातल्या कठोर गावचे. बडोद्यात ते फैज महंमद खाँसाहेबांकडे ग्वाल्हेरची गायकी शिकले, मग नत्थन खाँसाहेबांकडे आग्र्याची, आणि त्यानंतर अल्लादिया खाँसाहेबांकडे जयपूरची. त्या काळी हे किती अवघड होते! तिन्ही घरांची त्यांनी मनापासून सेवा केली आणि तिन्ही घरांतले घेण्यासारखे घेतले. त्यांना कोणी बेइमान म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा दिवाळीला गाडी घ्यायची ठरवणाऱ्या मंडळींना माझे सांगणे असे: शोरूममध्ये जाण्यापूर्वी नाव डोक्यातून काढा. एका चढावर चालवून पाहा, मागच्या सीटवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसवून उतरवून पाहा; उंच गाडीत गुडघ्यांचे काय होते ते तरुण विक्रेता सांगणार नाही. आता भारताची स्वतःची चाचणी २०२३ पासून सुरू झाली आहे, तिचे तारे मागून घ्या. आणि जाण्यापूर्वी घरच्या गल्लीत टेप धरा. जुनी स्कॉर्पिओ १,८२० मिलिमीटर रुंद होती. स्कॉर्पिओ-एन १,९१७ आहे आणि हॅरियर १,९२२, आरसे वेगळे. बोलेरो १,७४५. आमच्या पोळीतली कमान बोलेरोला दार देते. हॅरियरवाल्या शेजाऱ्यांना गाडी रोज रात्री सूरसागराच्या बाजूला उभी करून चालत घरी यावे लागते, आणि पावसाळ्यात ते छत्री न्यायला विसरतात.