वहीला दोष देण्याआधी प्रश्नपत्रिका पाहा

परीक्षांचे दिवस जवळ आले की चिंचवड स्टेशनापासून चाकणपर्यंतच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होऊ लागते. कोणा विद्यार्थिनीने नेटक्या अक्षरांत काढलेल्या इतिहासाच्या अथवा इंग्रजी साहित्याच्या टिपणांच्या प्रती तेथे निघतात. अलीकडे त्याच वहीची छायाचित्रे मोबाइलवरून शंभर जणांपर्यंत जाऊन पोचतात. यावर आमच्या शिक्षणक्षेत्रातील धुरीणांचा अभिप्राय ठरलेला असतो. ही पिढी आयतेखाऊ झाली, मूळ ग्रंथ कोणी उघडत नाही, हा ‘नोट्स’चा प्रकार बंद झाला पाहिजे! या अभिप्रायाला माझा स्पष्ट विरोध आहे, आणि तो का आहे हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

ही वही वापरतो कोण, ते प्रथम पाहू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि कारखानदारी भोसरी-आकुर्डीकडून पुढे चाकणपर्यंत पसरत गेली. त्या वेळी कामगाराला निदान कायम नोकरीची आशा होती. आज मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेला तरुण येथे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. एका खोलीत चार-पाच जण राहतात, पाळ्या बदलत असतात, जादा काम नाकारण्याची सोय नसते. अशा स्थितीत तो बी.ए.ला बसतो, कारण पदवी हाच या चक्रातून सुटण्याचा मार्ग आहे असे त्याला सांगण्यात आलेले असते. जी वस्तू दुर्मिळ ती माणूस काटकसरीने वापरतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. या मुलाजवळ सर्वांत दुर्मिळ गोष्ट आहे ती वेळ. मैत्रिणीची वही ही त्याची काटकसर होय. तिला आळस म्हणणाऱ्यांनी एक आठवडा रात्रपाळी करून पाहावी.

शिवाय बाजारातील गाईड आणि ही वही यांत भेद केला पाहिजे. गाईड ही विक्रीची वस्तू आहे आणि विद्यार्थ्याची भीती हे तिचे भांडवल आहे. वही मात्र झेरॉक्सच्या खर्चात हातोहात फिरते. जिने ती लिहिली तिने पुस्तक उघडले, निवड केली, क्रम लावला. हा अभ्यासच आहे. तिची नक्कल करणाऱ्याच्या हाती त्या श्रमाचे फळ येते, श्रमातून येणारी समज येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. वहीचा खरा तोटा तेवढाच, आणि तो लहान नाही.

परंतु हा तोटा निर्माण कोणी केला? येथे मला स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे भाग आहे. तीस वर्षे मी महाविद्यालयात पिवळ्या पडलेल्या कागदांवरून मुद्दे सांगत गेलो आणि मुले ते उतरवून घेत गेली. साल बदलले, कागद बदलले नाहीत. एकदा सायंकालीन वर्गात मी मुद्रणयंत्राच्या शोधाविषयी थोडा रंगून बोलत होतो. मागच्या बाकावरचा एक कामगार विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, परीक्षेत येणार नसेल तर हे राहू द्या. मला साडेदहाला कामावर जायचंय.” मी त्याला उद्धट म्हटले. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की नफ्या-तोट्याचा जो हिशेब मीच त्याला शिकवला होता, तोच तो करीत होता. आज ज्या टिपणांना आपण नावे ठेवतो, ती आम्हा प्राध्यापकांच्या पिवळ्या कागदांचीच नातवंडे आहेत.

आणि प्रश्नपत्रिका? ती विचारते तेच वहीत असते. शायिस्ताखानाची स्वारी म्हणजे कारणे, घटना आणि परिणाम. त्यात चाकणला एक ओळ. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने जो किल्ला लढवला, सुरुंगाने बुरूज उडेपर्यंत जो पडला नाही, त्या संग्रामदुर्गाचे अवशेष चाकण गावातच आहेत. तेथून जवळच खोली घेऊन राहणारा मुलगा ही ओळ पाठ करतो आणि किल्ला न पाहताच उत्तीर्ण होतो. १९८९ साली टेल्कोच्या कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यापाशी उपोषण केले. त्याच्याच परिसरातला हा इतिहास बहुधा त्याच्या वहीत सापडणार नाही, कारण त्यावर प्रश्न येत नाही. इंग्रजी साहित्याची गत वेगळी नाही. लेडी मॅकबेथचे स्वभावचित्र दहा मुद्द्यांत मिळते. झोपेला कायमचा मुकलेल्या माणसाचे ते नाटक रात्रपाळीच्या मुलाला जवळचे वाटले असते, पण ते वाचावे असे परीक्षेने त्याला कधी भासूच दिले नाही.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी एक मागणी केली होती, तिचे स्मरण येथे करून देतो. प्रवेशपरीक्षेला खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना बसू देण्याच्या मुंबई विद्यापीठाच्या निर्णयाचे त्यांनी स्वागत केले आणि बी.ए., एम.ए.च्या परीक्षाही अशा विद्यार्थ्यांना खुल्या व्हाव्यात असे सुचवले. ती दारे पुढे उघडली. १९८९ साली तर राज्याला मुक्त विद्यापीठही मिळाले. पण दार उघडणे आणि आत आलेल्याला दिवा देणे या दोन गोष्टी आहेत. परीक्षेचा अर्ज आपण त्याला दिला; ग्रंथालय, शिक्षक आणि फुरसत दिली नाही. मग त्याने आपला दिवा आपणच पेटवला, तर त्याच्या धुराबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तेव्हा बंदीची भाषा सोडून काही गोष्टी कराव्यात. तासिका तत्त्वावर शिक्षकांना राबवणे थांबवून रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात. औद्योगिक वसाहतींत पाळी संपल्यावर उघडे सापडेल असे ग्रंथालय असावे. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न पुस्तक समोर ठेवून लिहिण्याचा असावा, आणि इतिहासात आपल्या गावाचा वा कारखान्याचा शोध घेण्याला गुण असावेत. अशा प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या वहीत सापडत नाही.

शेवटचा शब्द आपल्याच कामगार संघटनांसाठी. बोनससाठी आपण दारावर सभा घेतल्या, त्या योग्यच होत्या. पण १८५५ साली फुले दांपत्याने कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, तिचा वारसा आपण कितपत चालवला? संघटनेच्या कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ त्या वहीभोवती दहा मुले बसली आणि ‘हे असेच का घडले?’ एवढे एकमेकांना विचारू लागली, तरी नकलेचा अभ्यास होऊ लागेल. मी अजून बसने प्रवास करू शकतो. पहिल्या संध्याकाळी मला बोलवा. या वेळी पिवळे कागद घरी ठेवून येईन.