डबा बंद करण्याआधी...

सबमिशनच्या आदल्या रात्रीचं दृश्य आठवा. सर्किट सोल्डर झालं, पीसीबी डब्यात बसवली, चारही स्क्रू घट्ट आवळले, वर नावाचं स्टिकरही चिकटवलं. मग सप्लाय दिला, तर एलईडी पेटतच नाही! पुन्हा स्क्रू काढा, पुन्हा मल्टिमीटर शोधा, पार्टनरच्या शिव्या खा. आपण हे हसण्यावारी नेतो. पण तो डबा म्हणजे माणसाची कवटी असेल तर?

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे दोन दोष घ्या. पहिला एव्हीएम. एरवी धमनीतलं जोराचं रक्त केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून जातं, तिथे दाब उतरतो आणि मग ते शिरेत येतं. एव्हीएममध्ये हे जाळंच नसतं. धमन्या थेट शिरांना जोडलेल्या आणि मध्ये नुसता गुंता. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत, मधला रेझिस्टन्सच गायब! हा गुंता फुटून रक्तस्राव होण्याचा धोका साधारणपणे वर्षाला 2 ते 4 टक्के. दुसरा दोष अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा. सर्जन त्याच्या मानेवर छोटी क्लिप लावून त्यातला रक्तप्रवाह बंद करतात.

आता गंमत नाही, भीती बघा. गुंत्याचा एक कोपरा राहून गेला तर तो ऑपरेशननंतरही फुटू शकतो. क्लिपखाली शेजारची बारीकशी धमनी दाबली गेली तर लकवा मारू शकतो. आणि मायक्रोस्कोपमधून बघताना सगळं ठीकठाक वाटू शकतं, कारण भिंत बाहेरून दिसते, आतला प्रवाह दिसत नाही.

रक्तवाहिन्यांत औषध सोडून मेंदूचे एक्स-रे काढायची युक्ती जुनी आहे. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी ती 1927 साली केली. पुढे संगणक आला आणि डीएसए आलं. औषध सोडण्याआधीचं चित्र नंतरच्या चित्रातून वजा करायचं, की हाडं पुसली जातात आणि फक्त रक्तवाहिन्या उरतात. शुद्ध वजाबाकी! हेच यंत्र ऑपरेशन थिएटरमध्ये असेल, तर कवटी उघडी असतानाच कळतं की काही राहिलंय का.

दुसरी पद्धत अजून सुटसुटीत. इंडोसायनिन ग्रीन नावाचं औषध शिरेतून देतात. सुमारे 800 नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड प्रकाशात ते उजळतं आणि मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यात रक्ताची वाट पांढरी चमकते. फ्रँकफर्टच्या आंद्रेआस राबे आणि सहकाऱ्यांनी 2003 साली मेंदूच्या शस्त्रक्रियेत ही पद्धत मांडली. अर्थात जे समोर उघडं आहे तेवढंच तिला दिसतं. खोल दडलेल्या गुंत्यासाठी डीएसएला पर्याय नाही.

यावर रूमवर वाद झाला. एक जण म्हणाला, "अरे, रोह्यात आणि पेणमध्ये बसून हे काय बोलतोस? हे मुंबईचे चोचले!" मला नेमकं उलटं वाटतं. रोह्याचा पेशंट असल्या ऑपरेशनला परळला केईएममध्ये नाहीतर नवी मुंबईत जाणार. परळ म्हटलं तर शंभराहून जास्त किलोमीटर. महामार्गाचं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं आणि किती रखडलं, ते आपल्याला सांगायला नको. ऑपरेशन झाल्यावर आठवड्याने "थोडं राहिलंय, परत उघडावं लागेल" असं ऐकणं मुंबईकरालाही जड. पण ज्याच्या घरच्यांनी भातकापणी टाकून, उसनवारी करून एक फेरी केली, त्याला दुसरी फेरी झेपेलच असं नाही. म्हणजे जो जितका लांबचा, त्याचं काम एकाच खेपेत चोख होणं तितकं गरजेचं. ही चैन नाही, गरज आहे.

थिएटरमध्येच बसवलेलं डीएसए कोट्यवधींचं असतं, हे मान्य. सगळीकडे ते येणार नाही. पण रक्तवाहिनीवर टेकवायचा बारीक डॉप्लर त्यामानाने खूप स्वस्त. इन्फ्रारेड कॅमेऱ्यामागचं तत्त्व तर आपल्या रूमवरच आहे. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा दिवा बहुतेक फोनवर लुकलुकताना दिसेल. मग फायनल इयरला तेच ते लाइन फॉलोअर आणि अटेंडन्स सिस्टिम कशाला? सिलिकॉनच्या नळ्यांचा गुंता, छोटा पंप, इन्फ्रारेड फिल्टर काढलेला वेबकॅम, आणि प्रवाह मोजणारा प्रोग्रॅम. त्यातून लगेच हॉस्पिटलचं यंत्र निघेल असं कुणी म्हणत नाही. पण स्वस्त यंत्र बनवणारा इंजिनिअर कुठून तरी सुरुवात करतोच ना?

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कधी उभे राहिलात? डोळ्यांची आखणी करणारा कारागीर ब्रश उचलतो, मान मागे घेतो, बघतो, मगच पुढची रेघ. मूर्ती ट्रकमध्ये चढल्यावर तो डोळे तपासत नाही. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण याला क्लोज्ड लूप म्हणतो आणि चार मार्क मिळवतो.

कारागिराला जे मूर्तीसाठी कळतं, ते माणसाच्या मेंदूसाठी आपण परवडण्यासारखं करू शकणार नाही का? विचार करा. आणि हो, उद्याच्या सबमिशनला आधी सप्लाय देऊन बघा, मग स्क्रू आवळा!