हत्यार कुणाचं, हात कुणाचा?



या अंकात क्रांतीवर अग्रलेख नाही. शिलाई मशीन, बफिंगची मोटर, वेल्डिंगचं मशीन आणि वजनकाटा यांच्यावर आहे. ज्यांना हा विषय हलका वाटतो त्यांनी पान उलटावं आणि पुढच्या कविता वाचाव्यात. कवितेवर पोट भरत असेल तर आम्हालाही कळवावं, कारण मीही कविता लिहितो आणि पोटासाठी गोदीत ओझी उचलतो.

खारी, गोडदेव, नवघर. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला इंडस्ट्रियल इस्टेटीचे गाळे. भाईंदर पूर्वेच्या या गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात, बफवर चकाकतात. ज्याच्या हातानं चकाकतात त्याच्या नाकातोंडात काळी धूळ. पोरगं दहा-दहा वर्षं बफवर उभं राहतं. मोटर बिघडायच्या आधी तिचा आवाज त्याला कळतो. शेठला कळत नाही. तरी मोटर शेठची, गाळा शेठचा, लाईटचं मीटर शेठच्या नावावर. पोरगं पीसवर. आमच्या बाया गाऊन शिवतात, परकर शिवतात, तेही पीसवर, ओव्हरलॉक दुसऱ्याची. कसब आमचं, हत्यार त्यांचं. सगळा प्रश्न एवढाच आहे आणि एवढा मोठा आहे.

चळवळीतले काही जुने साथी लगेच बोट उगारतील. धंदा काढणं म्हणजे छोटा भांडवलदार होणं, म्हणतील. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, १९७३ मध्ये जाहीरनामा निघाला आणि १९७४ मध्ये मार्क्स की आंबेडकर म्हणत संघटना फुटली. त्या वादाला मोल आहे. पण गल्लीतल्या बाईला स्वतःचं मशीन कुठून मिळणार, हे त्या वादातून तिला कळलं नाही. पीसवर मरणारा तेवढा क्रांतिकारक आणि स्वतःच्या मशीनवर जगणारा भांडवलदार, हा हिशेब आम्हाला नामंजूर. मोर्चाच्या दिवशी शेठकडे रजेसाठी तोंड वेंगाडावं लागतं कुणाला? ज्याचं हत्यार दुसऱ्याचं आहे त्याला.

आता आकडे बघा. मशीनसाठी वीस हजार पायजेत. गल्लीतला व्याजवाला शेकडा पाच रुपये दर महिन्याला घेतो असं धरा. महिन्याला एक हजार, वर्षाला बारा हजार. मुद्दल तसंच उभं. तेच वीस हजार बँकेनं वर्षाला बारा टक्क्यांनी दिले तर व्याज दोन हजार चारशे. मधले नऊ हजार सहाशे हा गरीब असण्याचा कर आहे. तो कुठल्या अर्थसंकल्पात दिसत नाही, पण आमच्या घरातून दरवर्षी वसूल होतो.

आणि हा नुसता पैशाचाही प्रश्न नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला आले. घर चालवायला त्यांनी शेअरबाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचं काम सुरू केलं. कोलंबियात शिकलेला अर्थशास्त्राचा पंडित. गिऱ्हाइकं आली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाइकं पांगली. काम बंद. ज्ञान कमी पडलं नव्हतं. जात आडवी आली होती. शंभर वर्षं उलटली. आजही डबे करून देणारी आमची बाई पाटीवर नुसतं 'घरगुती जेवण' लिहिते, आडनाव लिहीत नाही. का लिहीत नाही, ते कुणी विचारायची गरज नाही.

सरकार म्हणतं, योजना आहेत. आहेतच. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ मध्ये निघालं. पन्नास हजारांपर्यंतच्या कामाला निम्मं अनुदान होतं, पण ते दहा हजारांच्या वर जात नव्हतं, ही मर्यादा कित्येक वर्षं हलली नाही. महागाई मात्र थांबली नाही. २००८ मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला. त्यात अनुसूचित जातीच्या माणसानं स्वतःचे पाच टक्के घालायचे, शहरात पंचवीस टक्के आणि खेड्यात पस्तीस टक्के अनुदान. २०१५ मध्ये मुद्रा आली, पन्नास हजारांपर्यंत 'शिशु'. आणि २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना बजावलं की छोट्या उद्योगाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नका.

कागदावर दार उघडं आहे. आता उंबऱ्यावर जाऊन बघा. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा राहण्याचा पुरावा पायजे. ज्याचा आजा दुष्काळात गाव सोडून निघाला, त्याच्याकडे पुरावा म्हणजे पायातल्या भेगा. लग्न झालेल्या बाईला बापाकडचे कागद आणावे लागतात. मग जामीनदार पायजे, पगारदार असला तर बरं. आमच्या गल्लीत पगारदार शोधायचा म्हणजे मिठागरात गोडं पाणी शोधायचं. जिल्ह्याची कचेरी ठाण्यात. भाईंदरहून ठाण्याला सरळ लोकल नाही. दादरला जाऊन गाडी बदला, नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसून राहा. साहेब जागेवर नसला की दिवस बुडाला. पीसवाल्याचा दिवस म्हणजे चूल.

मी एका पोरासोबत एका बँकेत गेलो होतो. कोटेशनसकट सगळे कागद होते. साहेबानं कागद बाजूला सारले, पत्ता वाचला आणि म्हणाला, "या एरियात आमचं लोन बुडतं." एका ओळीत अख्खी वस्ती बुडवली. हजारो कोटी बुडवून विमानात बसणाऱ्यांचा एरिया कोणता, तो याला ठाऊक नसावा.

याहून धोक्याची गोष्ट पुढं आहे. हत्यार देतात, पण कोणतं? १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा धंदे: चांभार, न्हावी, परीट, कुंभार, लोहार, सुतार, दर्जी वगैरे. पंधरा हजारांची अवजारं, पाच टक्क्यांनी कर्ज. ऐकायला गोड. पण योजनेच्या पोटात शब्द आहेत कुटुंबाचा परंपरागत धंदा. म्हणजे बापानं जी रापी धरली ती तू धर, आम्ही तिला नवी मूठ बसवून देतो. तामिळनाडू सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना याच कारणासाठी नाकारली आणि वंशपरंपरेची अट नसलेली स्वतःची योजना २०२५ मध्ये काढली. आमच्या फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात मात्र कुणाला काही खटकलं नाही.

तसंच २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छता उद्यमी योजना निघाली. सफाई कामगाराला शौचालयं चालवायला, मैलागाडी घ्यायला कर्ज. माणूस गटारात उतरण्याऐवजी यंत्र उतरणार असेल तर यंत्राला आमचा सलामच. पण त्याला धंदा द्यायचा म्हटल्यावर दुसरं काहीच कसं सुचत नाही? गटार तेच, फक्त आता हप्त्यावर.

ज्याला ही अवजारं घ्यायचीत त्यानं जरूर घ्यावीत. शिवणाऱ्या बाईनं दर्जी म्हणून नोंद करावी, मशीन घ्यावं. भुकेल्याला आम्ही तत्त्व शिकवत नाही. पण चळवळ म्हणून आमची मागणी साफ आहे: हत्यार जातीला नको, कसबाला द्या. चांभाराच्या पोरीला एसी दुरुस्ती शिकायची असेल तर तिच्या हातात गेज आणि पाना द्या.

आणि पैसा? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. बहिणींवर आमचा राग नाही, त्या आमच्याच आहेत. पण आमच्या ताटातलं उचलून आमच्याच बहिणीला वाढायचं आणि वर ओवाळणी म्हणायचं, ही कुठली रीत? २००५ मध्ये पुण्यात निघालेल्या डिक्कीसारख्या संस्था दलित कारखानदार उभा करायची भाषा करतात. करू द्या. पण बफवरच्या पोरापासून कारखानदारापर्यंतच्या जिन्याची पहिली पायरी वीस हजारांची आहे आणि तीच तुटलेली आहे.

मग आपण काय करायचं? निवेदनं देऊन फोटो काढायचे दिवस संपले. खारीत दर रविवारी संध्याकाळी एक टेबल मांडू. लिहिता येणारी पोरं बसतील आणि अर्ज भरून देतील. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिचे पैसे मागणारा दलाल दिसला तर त्याला टेबलापाशी घेऊन या. गावी जाणाऱ्यानं एकट्याचा कागद आणू नये, चार घरांचे आणावेत.

बँकेनं नाही म्हटलं तर तोंडी नाही घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: नाकारायचं कारण लेखी द्यायचं, आणि अनुसूचित जातीच्या माणसाचा अर्ज शाखेनं परस्पर नाकारायचा नाही, तो वरच्या पातळीवरच नाकारला जाऊ शकतो. हे वाक्य पाठ करा. साहेबाच्या टेबलावर मोठ्यानं म्हणा. सरकारी बँक असेल तर २००५ च्या माहिती अधिकारात विचारा: गेल्या वर्षी आमच्या लोकांचे अर्ज किती आले, किती पास झाले. आकडे आले की याच पानावर छापू.

आणि सामाईक हत्यारं. दहा जणांनी मिळून एक ओव्हरलॉक, एक ड्रिल, एक वेल्डिंग मशीन. आज तू चालव, उद्या ती चालवेल. मालकी कुणा एकाची नाही, वही सगळ्यांसमोर उघडी. ज्या जुन्या साथींना धंद्याचा वास सहन होत नाही, त्यांनी या वहीचा हिशेब ठेवायला यावं. समाजवाद तिथंही लिहिता येतो.

गावगाड्यानं आमच्या हाताला काम दिलं, हत्यारही कधी कधी दिलं, निवड कधीच दिली नाही. आता निवड आम्ही करणार. रविवारी या. येताना कागद आणा, आणि ज्याच्याकडे जास्तीचा पाना असेल त्यानं पाना आणा.

जय भीम.