हात लावू नकोस!

आमच्या गावाचं नाव सांगितलं की ऐकणारा गालातल्या गालात हसतो. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण सगळ्यांनाच पाठ! म्हणीतलं पेडगाव आमचं नव्हे, ते तिकडं भीमेकाठी, श्रीगोंदा तालुक्यातलं. आमचं आपलं परभणीजवळचं, मनमाडकडं जाणाऱ्या रेल्वेवरचं... हा खुलासा मी उभा जन्म करत आलो. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या घरात जे चाललं होतं ते पाहून गावकऱ्यांनी ती म्हण आम्हालाच लावली असती, तर मी तक्रार केली नसती.

झालं असं. अकरावीतल्या नातवानं पैसे साठवून, थोडे माझ्या पेन्शनमधले घालून, इलेक्ट्रिक बास गिटार मागवली. साधी गिटार मला माहीत होती. ही चार जाड तारांची, लांब मानेची आणि आवाजाला ढोलासारखी. पहिला आठवडा घर दणाणलं. दुसऱ्या आठवड्यात शांत झालं. तिसऱ्या आठवड्यात पोरगं बोटांना चिकटपट्ट्या लावून बसलेलं.

"काय झालं रे?"

"बोटं दुखायलीत, आबा. मला नाही जमायचं हे."

मग घरात जे चर्चासत्र झालं ते सांगतो, कारण माझं भांडण त्याच्याशीच आहे. पोराचा बाप म्हणाला, वापस करून टाक. आजी म्हणाली, आपल्या घराण्यात गाणं नाहीच. माझे एक जुने सहकारी चहाला आले होते, ते म्हणाले, कला उपजत असावी लागते. विकणाऱ्याला फोन केला तर तिकडून उत्तर, कुठलाही स्क्रू फिरवू नका, वॉरंटी जाईल. इतकी माणसं बोलली, पण वाद्याकडं एकानंही पाहिलं नाही. सगळ्यांनी पोराकडंच पाहिलं.

मी मराठी-इतिहासाचा मास्तर. मला तरी काय कळणार? पण कंपासपेटीतली पट्टी वाचता येते. मधल्या, म्हणजे बाराव्या पडद्यावर सगळ्यात जाड तार किती उंच आहे ते मोजलं. चांगली पाच मिलिमीटर! नातवानं फोनवर शोधून सांगितलं की अडीचच्या आसपास हवी. म्हणजे हे लेकरू तीन आठवडे दुप्पट उंचीवरून ती तार दाबत होतं आणि आम्ही सगळे त्याच्या रक्तात संगीत नाही असा निकाल देऊन मोकळे झालो होतो.

पुढं आम्ही दोघांनी काय केलं ते जरा तपशिलात सांगतो.

या वाद्याच्या चार तारा मिळून मानेवर साधारण पाऊणशे किलोचा ताण देतात. लाकूड त्या ओढीनं वाकतं. पावसाळी हवेत ओल पिऊन आणखी वाकतं, मेच्या कोरड्या उन्हात उलटं वागतं. म्हणून मानेच्या आत एक पोलादी सळई बसवलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. ती पान्यानं घट्ट केली की मान सरळ होते, सैल केली की तारेच्या ओढीनं वाकते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि मधे सातव्या-आठव्या पडद्यावर किती फट राहते ते बघायचं. एक जाडसर कार्ड सरकेल एवढी हवी. आमच्यात रुपयाचं नाणं जात होतं! पाव फेरा फिरवायचा, थांबायचं, पुन्हा सुरात लावायचं, पुन्हा बघायचं. आम्ही दोन दिवस घेतले. मग घोडीवरचे छोटे स्क्रू फिरवून तारा खाली आणल्या. फार खाली आणल्या तर पडद्यांवर खरखरतात, मग पुन्हा किंचित वर.

शेवटी सुरांचा हिशेब. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथं बोट नुसतं टेकवून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर एकच आले पाहिजेत. दाबलेला चढा आला तर तारेची बैठक मागं सरकवायची, उतरला तर पुढं. आमच्या चारपैकी तीन तारा चढ्या होत्या. म्हणजे पोरगं "बेसूर वाजवतो" हा आरोपही खोटाच होता.

आता माझा मुद्दा. विकत आणलेलं वाद्य पूर्ण झालेलं नसतं. ते पूर्ण करणं हा वाजवण्याचाच भाग आहे आणि ते काम वाजवणाऱ्याचं आहे. "हात लावू नकोस" हा शहाणपणाचा सल्ला म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. तो शहाणपणा नाही, शुद्ध आळस आहे, आणि त्याची किंमत लेकरं मोजतात.

कोणी म्हणेल, ही पाश्चात्त्य यंत्रांची कटकट, आपल्याकडं असलं नसतं. नसतं कसं? आमच्या भजनी मंडळाचा पखवाज बघा. दर वेळी वाजवण्याआधी डाव्या तोंडाला ओली कणीक लावायची, थाप देऊन ऐकायचं, खर्ज भरला नाही तर आणखी चिमूटभर. भजन संपलं की खरवडून काढायची. उजवीकडं हातोडीनं गट्ठे ठोकायचे. आजवर कुणी म्हणालं का, पखवाज खराब आला, वापस करा? तंबोऱ्याचं तसंच. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा घालतात आणि केसभर मागंपुढं करत जवारी शोधतात. तंबोऱ्यात तार घोडीला हलकी घासली पाहिजे, बासमध्ये पडद्याला घासता कामा नये. मागणी उलटी, पण दोन्हीकडं भांडण केसभर अंतराचंच!

आणि ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथली परंपरा सुरू कुणी केली? शिकलगारांनी. हत्यारांना धार लावणाऱ्या माणसांनी! एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, संस्थानाच्या काळात, तलवारींचं काम कमी होत गेलं आणि या कारागिरांचे हात वाद्यांच्या दुरुस्तीकडं वळले. फरीदसाहेबांचं नाव तिथं आजही आदरानं घेतात. कलेचं मूळ उपजत गुणात शोधणाऱ्या माझ्या मित्रानं याचा जरूर विचार करावा.

बास गिटारची गोष्टही वेगळी नाही. १९५१ साली पडदे असलेली इलेक्ट्रिक बास बाजारात आणून ती जगभर पोचवणारा लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्यानं मान चिकटवून टाकली नाही, चार स्क्रूंनी बसवली, म्हणजे बिघडली तर काढता यावी. मी विचारतो, ज्याला हात लावायचा नाही त्याला स्क्रू कशाला ठेवतात?

लांब कशाला जायचं? आपल्या वरातीतला बेंजो घ्या. मूळचं हे जपानी वाद्य, १९१२ च्या सुमाराचं, टाइपरायटरसारख्या कळांचं. आपल्याकडच्या पोरांनी त्याला पिकअप बसवलं, अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं आणि गावोगाव पार्ट्या उभ्या केल्या. त्यांना कुणी शिकवलं? कुणीच नाही. आणि त्यांना कलावंत म्हणायला आपली जीभ अजून अडखळते, कारण त्यांच्या खिशात पेचकस असतो.

आपली गंमत अशी की खंडेनवमीला आपण वाद्य आणि अवजार दोन्ही शेजारी मांडतो, दोघांना हळदकुंकू लावतो, नमस्कार करतो. मग पुढचं वर्षभर त्या दोघांची गाठ पडू देत नाही!

समोरच्या बाजूलाही काही म्हणणं आहे, ते मान्य करतो. सळई जोर लावून फिरवली तर आटे जातात, मान कायमची बिघडते. म्हणूनच पाव फेरा, आणि अडलं तर थांबायचं. अ‍ॅम्प्लिफायर मात्र उघडायचा नाही. वायर काढली तरी त्याच्या आत वीज साठलेली असू शकते, तिथं जाणकारच हवा. कुठं थांबायचं हे कळणं हासुद्धा शिक्षणाचाच भाग. पण कुठं थांबायचं हे कळायला आधी सुरुवात तर करू द्या!

वॉरंटीचा धाकही मला पटत नाही. २०२२ साली केंद्र सरकारनंच दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचं पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, गाड्या, घरगुती उपकरणं यांच्यासाठी ते आहे. वाद्य त्यात नसेल, पण तत्त्व एकच: ज्याची वस्तू, त्याला ती नीट करता आली पाहिजे.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथं प्रार्थनेला पेटी होती. तिचा एक सूर अडकला, भाता हलवला की तो एकटाच बोलत राहायचा. मधल्या सुट्टीत आठवीतल्या एका पोरानं मागची पाटी काढून आत हात घातला. मी पाहिलं. त्यानं काय केलं हे न विचारता छडी काढली. सरकारी वस्तू! मग पेटी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्याकडं. दोन पावसाळ्यांनी कपाट उघडलं तेव्हा उंदरांनी भाता खाल्लेला होता. रजिस्टरला मात्र पेटी अगदी सुस्थितीत होती. त्या किल्लीचा मला तेव्हा अभिमान होता हो!

गेल्या महिन्यात बास वाजवताना सारखी घूं घूं यायला लागली. तारांना हात लावला की कमी, काढला की जास्त. घरातल्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. वायरमनला बोलावलं. गावात वायरिंग आणि मोटारी भरायची कामं करणारा तोच, आठवीतला. आता पन्नाशी ओलांडलेला. त्यानं अर्थिंग नीट करून दिलं, घूं घूं बरीच बसली. मग ते वाद्य मांडीवर घेऊन त्याच्या पिकअपकडं, बारीक तांब्याच्या तारेकडं कितीतरी वेळ पाहत बसला. मोटारीत हीच तार असते, म्हणाला.

मी धीर करून छडीचा विषय काढला. त्याला छडी आठवतच नव्हती. त्यानं एवढंच विचारलं, "मग पुढं ती पेटी वाजली का, सर?"

मला उत्तर देता आलं नाही. चहा घ्या म्हणालो.

असो. नातू रोज संध्याकाळी तासभर वाजवतो. चांगलं वाजवतो की वाईट ते मला कळत नाही, पण बोटांना चिकटपट्ट्या नाहीत. थंडी सुरू झाली तसा परवा तो स्वतःच म्हणाला, आबा, मान बघावी लागेल पुन्हा. पाना खुंटीला टांगलेला आहे. त्याला कुलूप नाही.

तुमच्या घरात एखादं लेकरू "मला जमत नाही" म्हणत असेल, तर मंडळी, निकाल द्यायच्या आधी एक करा. कंपासपेटीतली पट्टी काढा आणि तार मोजून बघा.