लांबी वाढली, हेर हरवला

गेल्या सुट्टीत बाबांबरोबर ‘द मॅन फ्रॉम अंकल’ ही १९६४ सालची अमेरिकन हेरमालिका पाहिली. तिच्या भागांवरून आठ चित्रपट तयार झाले होते, हे बाबांनी सांगितले तेव्हा ते चित्रपटही शोधून काढले.

‘द डबल अफेअर’ हा तिचा एक भाग साधारण ५० मिनिटांचा आहे. थ्रश ही शत्रू संघटना हेर नेपोलियन सोलोच्या जागी हुबेहूब दिसणारा तोतया पाठवते. आपल्याबरोबरचा सोलो खरा की खोटा, एवढाच पेच. पण तो शेवटपर्यंत धरून ठेवतो. १९६५ मध्ये याच भागाचा ‘द स्पाय विथ माय फेस’ हा जवळपास दीड तासाचा चित्रपट झाला. टीव्हीवर कृष्णधवल दिसलेली गोष्ट पडद्यावर रंगीत झाली. जादा मारामारी आली, जादा प्रणयप्रसंग आले. पेच मात्र होता तेवढाच राहिला, उलट पातळ झाला.

भागाचा चित्रपट करूच नये, असे मी म्हणत नाही. पुढे निर्मात्यांनी दोन भागांत चालणाऱ्या कथा घेतल्या. १९६६ चा ‘वन स्पाय टू मेनी’ असाच बनला. गोष्टच मोठी असेल, तर चित्रपट मोठा होण्यात गैर काय? माझी तक्रार नुसत्या भरतीबद्दल आहे.

ही तक्रार आधी माझ्याविरुद्धच आहे. हाऊस स्पर्धेतले आमचे १५ मिनिटांचे हेरनाट्य वार्षिक दिनासाठी ३० मिनिटांचे करायचे होते. लेखक मीच. त्यात सातवीचा एक कॅडेट वायरलेसपुढे संदेशाची वाट पाहत पूर्ण एक मिनिट गप्प बसायचा. स्पर्धेत त्या मिनिटाला सभागृहात कुणी खोकलेही नव्हते. मी ते मिनिट दहा सेकंदांवर आणले आणि दोन मारामाऱ्या घातल्या. टाळ्या भरपूर पडल्या.

रात्री मेसबाहेर त्याने विचारले, “सर, माझं काही चुकलं होतं का?”

त्याचे काहीच चुकले नव्हते. वाट पाहणे हेच हेराचे खरे काम असते आणि तेच मी कापले होते. उद्या आपल्यापैकी अनेकांना रात्र रात्र पहाऱ्यावर उभे राहायचे आहे. तिथे बहुतेक रात्री काहीच घडणार नाही. त्या कामाला आपण रंगमंचावर एक मिनिटही देणार नसू, तर ज्युनिअर आपल्याकडून काय शिकणार?

यंदा ते नाटक पुन्हा बसते आहे. ते मिनिट मी परत लिहिले आहे.

— एक कॅडेट, इयत्ता ११ वी